दुकानाची लाभपंचमी, घराची ज्ञानपंचमी

दिवाळीला वहीपूजन होते, पाडव्याला नव्या वहीत पहिले अक्षर उमटते आणि कार्तिक शुद्ध पंचमीच्या मुहूर्तावर दुकानाचे दार पुन्हा उघडते. व्यापारी घराण्यांत ही तिथी लाभपंचमी म्हणून मानाची आहे. श्वेतांबर परंपरेत हीच तिथी ज्ञानपंचमी होय. या दिवशी पेढीवर नव्या वर्षाचा व्यवहार सुरू होतो आणि उपाश्रयात ग्रंथांची पूजा मांडली जाते.

पेढीवर तोपर्यंत मालाची मोजणी आटोपलेली असते. कोणता माल खपला, कोणता शिल्लक आहे, कोणता तीन वर्षे फळीवर पडून आहे, हे मालकाला वही न उघडताही सांगता येते. पडून राहिलेला माल म्हणजे अडकलेली रक्कम, हे व्यापाऱ्याच्या मुलाला शाळेत जाण्याआधीच कळते. परंतु त्याच मालकाला घरातील कपाटाच्या वरच्या कप्प्यात काय आहे असे विचारले, तर उत्तर मिळत नाही. तिथे लोकरीचे अर्धे गुंडे असतात, पाठ विणून झालेला पण बाह्यांवाचून राहिलेला स्वेटर असतो, प्रभावनेत मिळालेली पण न उघडलेली पुस्तके असतात आणि कोणाच्या तरी लग्नात आलेली, वेष्टनातून न काढलेली भांडी असतात. दुकानाचा हिशेब दरवर्षी होतो. घराचा मात्र पिढ्यान्‌पिढ्या पुढच्या पानावर ओढला जातो.

ग्रंथांचे वेष्टन सोडण्याचा दिवस

ज्ञानपंचमीच्या तिथीमागे भक्ती आहे, तसा व्यवहारही आहे. पावसाळा संपून हवा कोरडी झालेली असते. ओलाव्यात चार महिने बंद राहिलेल्या पोथ्या बाहेर काढाव्यात, पुसाव्यात, वेष्टने बदलावीत आणि पुन्हा नीट बांधून ठेवाव्यात, असा या दिवसाचा परिपाठ आहे. दिगंबर परंपरेत ज्येष्ठ शुद्ध पंचमी ही श्रुतपंचमी होय. आचार्य धरसेनांकडून मिळालेले ज्ञान पुष्पदंत आणि भूतबली या मुनींनी षट्खंडागमाच्या रूपाने ग्रथित केले, त्याच्या पूर्णतेचे स्मरण त्या दिवशी होते. त्या दिवशीही शास्त्रभांडारातील ग्रंथांची झाडपूस होते. म्हणजे एक पंचमी पावसाच्या उंबरठ्यावर आणि दुसरी पाऊस सरल्यावर. जैसलमेर, पाटण किंवा आपल्या विदर्भातील कारंजा येथील हस्तलिखिते शतकानुशतके टिकली, त्यामागे ही नेमाने होणारी देखभाल आहे. पोथी लिहून पूर्ण झाली की अखेरीस लेखनिक वाचकाला विनंती करीत असे: हिला पाण्यापासून जपा, तेलापासून जपा, सैल बांधणीपासून जपा.

ज्ञानपंचमीला वरदत्त आणि गुणमंजरी यांची कथा सांगितली जाते. पूर्वजन्मी गुणमंजरी ही एका श्रेष्ठीची पत्नी होती. मुलांना गुरुजींचा मार बसतो म्हणून तिने त्यांची पुस्तकेच जाळली आणि पुढच्या जन्मी तिच्या वाट्याला मूकपणा आणि व्याधी आल्या. आज पुस्तके कोणी जाळीत नाही. ती आदराने आणली जातात, काचेच्या कपाटात लावली जातात आणि तिथेच राहतात. कपाटाच्या किल्लीला गंज चढला की त्या आदरातून आशातना कधी सुरू झाली, हे घराच्या लक्षातही येत नाही.

पुस्तकाचे शास्त्र साधे आहे. कपाट बाहेरच्या ओलसर भिंतीला टेकवू नये. मागे चार बोटे जागा सोडावी. पुस्तके उभी, पण हवा खेळेल अशी लावावीत. वाळवायची ती सावलीत. कडक उन्हाने कागद पिवळा पडतो आणि ठिसूळ होतो. पुस्तकाला लागणारी कसर बांधणीतील खळीवर आणि कागदावर जगते. तिला ओल आणि अंधार हवा असतो. वारंवार उघडल्या जाणाऱ्या पुस्तकात ती सहसा वस्ती करीत नाही. वाचन हेच पुस्तकाचे खरे संरक्षण आहे. वर्षभरात ज्याला घरातील एकाही माणसाचा हात लागला नाही, ते पुस्तक पाठशाळेत, संघाच्या ग्रंथालयात किंवा एखाद्या वाचणाऱ्या मुलाकडे गेले तर घराचे काही कमी होत नाही.

सुईवर अडकलेले काम

ज्ञानपंचमीच्या सुमारास थंडीची चाहूल लागते आणि घरोघरी लोकरीची पिशवी खाली येते. महाराष्ट्रातील थंडी काही आठवड्यांची पाहुणी. म्हणूनच उरलेले नऊ-दहा महिने लोकर अंधारात पडून असते आणि नेमकी तीच तिच्या नाशाची वेळ असते. लोकरीला लागणारी कसर म्हणजे एका लहान पतंगाची अळी. पतंग स्वतः लोकर खात नाही; अळी खाते. घामाचा किंवा अन्नाचा डाग राहिलेली, न हलवलेली लोकर तिला सर्वांत प्रिय. मळ, अंधार आणि कोणी हात न लावण्याची शाश्वती, एवढे मिळाले की तिथे जीवोत्पत्ती होते.

जैन घरासाठी प्रश्न इथे गंभीर होतो. एकदा जीव उत्पन्न झाले की गृहिणीपुढे दोनच वाटा उरतात. औषधी गोळ्या टाकाव्यात तर हिंसा. न टाकाव्यात तर कपडा जातो आणि शेजारच्या कप्प्यातही जीव पसरतात. कप्पा उघडल्यावर पडणारे हे धर्मसंकट खरे पाहता दहा महिन्यांपूर्वीच टाळता आले असते. स्वेटर न धुता ठेवला गेला तेव्हाच त्या हिंसेची तयारी झाली. थंडी सरताच लोकरीचे कपडे कोमट पाण्यात हलक्या हाताने धुवून, पूर्ण वाळवून, स्वच्छ सुती कापडात बांधावेत आणि महिन्यातून एकदा बाहेर काढून झटकावेत. कडुलिंबाची सुकी पाने अनेक घरांत ठेवतात. ती ठेवावीत, पण धुण्याची आणि हलवण्याची जागा ती घेऊ शकत नाहीत. काही कुटुंबे लोकर वापरतच नाहीत. सुती धाग्याचे विणकाम आपल्या हवेला मानवतेही. पण मळ आणि ओल यांचा नियम सुतालाही चुकत नाही.

विणकामात खरी शिल्लक साचते ती अपुऱ्या कामांची. एक काम सुईवर असताना नवा रंग दिसतो, नवा नमुना दिसतो आणि दुसरे सुरू होते. व्यापारी घरातील सुनेला हे समजावून सांगावे लागू नये: हाताशी असलेला माल उठण्याआधी नवी खरेदी करणारा दुकानदार फार दिवस टिकत नाही. तान्ह्या बाळाच्या स्वेटरला साधारण दीडशे ग्रॅम लोकर लागते, मोठ्या माणसाच्या पूर्ण बाह्यांच्या स्वेटरला साधारण अर्धा किलो. हा अंदाज आधी बांधून, एकाच रंगघाणीची लोकर एकदम घेतली तर मध्येच रंग बदलत नाही आणि शेवटी गुंडेही उरत नाहीत. सुरुवातीला दहा सेंटीमीटरचा चौकोन विणून टाके मोजले, तर अर्धे विणून उसवण्याची वेळ येत नाही. काम थांबवावेच लागले, तर टाके जाड दोऱ्यावर उतरवून ठेवावेत आणि सुईचा क्रमांक, नमुना व झालेल्या ओळी एका चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवाव्यात. ज्या कामाची नोंद आहे ते काम दुसऱ्याच्या हातूनही पूर्ण होते. सासूबाईंनी सुरू केलेला स्वेटर सुनेने पुरा केला, असे त्या चिठ्ठीमुळेच शक्य होते.

जे पूर्ण होणारच नाही, ते उसवण्यातही कमीपणा नाही. जुन्या बायका लहान झालेला स्वेटर उसवीत, लोकरीची लडी करीत, ती धुवून टांगीत, म्हणजे धाग्यातील वळ्या सुटत, आणि त्याच लोकरीतून धाकट्यासाठी दुसरा विणीत. उरलेल्या गुंड्यांचे चौकोन जोडून पांघरूण होई. वस्तू संपेपर्यंत वापरणे ही त्यांची रीत होती.

हात गुंतलेले, कान मोकळे

सरावलेल्या हाताला सुलट-उलट विणताना सतत सुईकडे पाहावे लागत नाही. पूर्वीच्या घरांत याचा उपयोग करून घेतला जाई. एकीने विणावे, दुसरीने मोठ्याने वाचावे आणि मुलांनी ऐकावे. सूत्रवाचन किंवा सामायिक चालू असताना हातात दुसरे काम असू नये, हे खरेच. परंतु महापुरुषांची चरित्रे, कथा, प्रवासवर्णने, या मासिकातील लेख यांना ती अडचण नाही. सामायिकाचा काळ दोन घटिकांचा, म्हणजे 48 मिनिटांचा. रात्री दुकानाची मंडळी परतल्यावर आठवड्यातून एकदा तेवढाच वेळ या वाचनाला दिला, तर वर्षभरात चाळीस तासांहून अधिक वाचन होते आणि सुईवरचे कामही पुढे सरकते. डोळे अधू झालेल्या आजोबांना त्यातून ग्रंथ परत मिळतात आणि मराठी वाचताना अडखळणाऱ्या नातवाला भाषा मिळते.

उचलणे आणि ठेवणे

घर आवरणे हा अलीकडे हौसेचा विषय झाला आहे. एकसारखे डबे, त्यांवर चिठ्ठ्या, रंगवार लावलेले कपडे असे बरेच काही त्यात येते. जैन आचारात मात्र याला फार जुने आणि अधिक खोल स्थान आहे. साधूंच्या पाच समित्यांपैकी चौथी आदान-निक्षेपण समिती ही वस्तू उचलण्याची आणि ठेवण्याची सावधानता आहे. पाहून उचलावे, प्रमार्जन करून ठेवावे. श्वेतांबर साधू-साध्वी आपल्या वस्त्रपात्रांचे रोज सकाळ-संध्याकाळ पडिलेहण करतात. दिगंबर मुनी मोरपिच्छीने जागा हळुवार झाडून मगच कमंडलू ठेवतात. मोजक्या वस्तू बाळगणारे त्या रोज तपासतात आणि शेकडो वस्तू बाळगणारे वर्षातून एकदाही नाही, हा विरोध विचार करायला लावणारा आहे.

श्राविकांच्या स्वयंपाकघरात ही जयणा आजही जिवंत आहे. दिगंबर परंपरेत पिठाची मर्यादा पावसाळ्यात 3 दिवस, उन्हाळ्यात 5 दिवस आणि हिवाळ्यात 7 दिवस सांगितली आहे आणि ती अनेक घरांत काटेकोरपणे पाळली जाते. पीठ कधी दळले हे ज्या घराला ठाऊक असते, त्या घराला कपाटातील शाल शेवटची कधी उलगडली हे ठाऊक नसावे, असे व्हायला नको. स्वयंपाकघरातील मर्यादेचा नियम दोन पावले पुढे, कपाटापर्यंत न्यायचा एवढेच.

हिशेब कोणी करायचा?

परिग्रह-परिमाण व्रतात क्षेत्र, वास्तू, सोने, धन, धान्य यांच्या बरोबरीने कुप्य, म्हणजे कपडे-भांड्यांसारख्या घरगुती वस्तू, स्पष्टपणे मोजल्या आहेत. व्रत घेताना पुरुष जमीन आणि सोन्याची मर्यादा लिहितात. कुप्याची ओळ बहुधा कोरी राहते, कारण ती बायकांची बाब समजली जाते. दुकानातील मोजणीला मुनीम असतो, नोकर असतात, दिवस राखून ठेवलेला असतो. घरातील मोजणी मात्र एकटी गृहिणी दोन स्वयंपाकांच्या मधल्या वेळात करते आणि त्या श्रमाची कोणत्याच वहीत नोंद होत नाही. जो स्वेटर घालतो, त्यानेच तो धुवून ठेवावा. ज्याने पुस्तक आणले, त्यानेच ते वाचावे किंवा पुढे द्यावे. एवढा नियम घरात लागू झाला तरी कपाट निम्मे हलके होईल.

त्यासाठी तिथी शोधावी लागत नाही. ज्ञानपंचमीचे तप 5 वर्षे 5 महिने दर शुद्ध पंचमीला केले जाते. ते वर्षातून एकदा येणारे व्रत नाही. तप करणाऱ्यांनी तप करावे. बाकीच्यांनी दर शुद्ध पंचमीला घरातील एकच कप्पा सर्वांनी मिळून उघडावा: एकदा लोकरीचा, एकदा पुस्तकांचा, एकदा भांड्यांचा. प्रत्येक वस्तू हातात घेऊन एकच प्रश्न विचारावा, ही वापरात आहे की नुसती ताब्यात आहे? वापरातील वस्तू पुसून जागेवर ठेवावी. नुसती ताब्यात असलेली, ज्याला हवी आहे त्याच्याकडे थंडी संपण्याआधी पोहोचवावी.

वस्तूंची संख्या हा परिग्रहाचा बाह्य भाग. त्याचे मूळ मूर्च्छेत, म्हणजे आसक्तीच्या गुंगीत आहे, असे तत्त्वार्थसूत्र सांगते. जे आपल्याजवळ असल्याचेही विसरले गेले, तरी देववत नाही, ते त्या गुंगीचे सर्वांत स्पष्ट लक्षण. महिन्यातून एकदा कप्पा उघडला की ती गुंगी थोडी उतरते. पेढीवरची शिल्लक जितकी स्वच्छ, तितकीच घरातलीही असली, तर त्या घराला पंचमीची दोन्ही नावे शोभतील.