राजवाड्यासमोरचा डाव

१८३० नंतरच्या काळात इंदुरात एका कागदाला पावणेदोनशे रुपये पडत. तो कागद म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीचा परवाना. माळव्यातली अफू मुंबई बंदरात न्यायची, तर दर पेटीमागे १७५ रुपये भरून तो घ्यावा लागे. पेटीत साधारण ६३ किलो माल असे. जमीन होळकर-शिंद्यांसारख्या संस्थानिकांच्या राज्यातली, राबणारा माळव्यातला शेतकरी आणि ओढणारा चीनमधला माणूस. कंपनीने नांगरही धरला नाही आणि बोंडाला चीरही दिली नाही. बंदराची वाट मात्र तिच्या ताब्यात होती, आणि तेवढ्यावर तिची कमाई पक्की झाली.

माळव्याचे व्यापारी काही कमी बेरकी नव्हते. त्यांनी उंटांवर माल लादून पाली, जैसलमेर, कराची आणि तिथून समुद्राने पोर्तुगीजांचं दमण, अशी दूरची वाट धरली. वाट लांब होती, पण परवाना लागत नव्हता. कंपनीला १८३५ मध्ये दर १२५ वर उतरवावा लागला. मग १८४३ मध्ये इंग्रजांनी सिंध घेतला आणि कराचीची वाट बंद झाली. त्याच वर्षी दर २०० झाला, १८४५ मध्ये ३०० आणि १८४७ मध्ये ४००. चार वर्षांत दुप्पट! शेत तेच, पीक तेच, कष्ट तेच. बदललं एवढंच की व्यापाऱ्याला दुसरीकडे जायला जागा उरली नाही.

जगाच्या व्यापारात कोण का श्रीमंत होतो आणि कोण का गरीब राहतो, हे आठवी-नववीच्या मुलांना समजावायचं असेल, तर मला हे उदाहरण कुठल्याही व्याख्यानापेक्षा मोलाचं वाटतं. फक्त ते सांगू नये, खेळायला द्यावं.

असं शिकवण्याची रीत जगात चांगली रुळलेली आहे. ब्रिटनमधल्या ‘ख्रिश्चन एड’ या संस्थेचा ‘ट्रेडिंग गेम’ तिकडच्या शाळांमध्ये वर्षानुवर्षं खेळला जातो. मुलांचे गट पाडायचे, प्रत्येक गट म्हणजे एक देश. प्रत्येकाला एक पाकीट मिळतं आणि सगळी मेख त्या पाकिटात असते. एका देशाच्या पाकिटात कात्री, पट्टी, कर्कटक, कोनमापक आणि भरपूर पैसे, पण कागद जेमतेम. दुसऱ्याच्या पाकिटात कागदच कागद, एखाद-दुसरी पेन्सिल आणि कात्रीचा पत्ता नाही. सगळ्यांना काम एकच: ठरलेल्या मापाचे गोल, त्रिकोण, चौकोन कापायचे आणि बँकेत विकायचे. नियम सर्वांना सारखे असतात. इथेच मुलं फसतात, कारण सारखे नियम म्हणजे न्याय असं त्यांना शाळेत शिकवलेलं असतं.

पहिली पाच मिनिटं गोंधळाची. कागदवाले कात्री मागत फिरतात. हाताने फाडलेला त्रिकोण बँकेत नेला की बँकवाला म्हणतो, कड वाकडी आहे, चालणार नाही. कात्रीवाल्यांचा कागद संपतो तेव्हा ते खरेदीला निघतात, आणि अडलेला गट चार ताव कवडीमोलाने देऊन टाकतो. मग शिक्षक मध्येच जाहीर करतात की त्रिकोणाचा भाव पडला. का पडला, हे कोणी सांगत नाही. ज्याने नुकतेच दहा त्रिकोण कापून ठेवलेत, त्या मुलाचा चेहरा पाहावा. सोयाबीनचा भाव पडल्यावर मंडीत ट्रॉली घेऊन उभ्या राहिलेल्या त्याच्या काकांचाही तोच असतो.

अमेरिकेत गॅरी शर्ट्स यांनी १९६९ मध्ये रचलेला ‘स्टारपॉवर’ याहून जहाल आहे. मुलं रंगीत चकत्यांची अदलाबदल करतात, गुणांप्रमाणे तीन थर पडतात आणि मग खेळ चालवणारा म्हणतो, वरच्या थराने छान खेळ केलाय, तेव्हा पुढचे नियम त्यांनीच करावेत. चांगल्या घरची, चांगल्या वळणाची मुलंही हमखास स्वतःच्या सोयीचे नियम करतात. खालच्या थरातली काही रुसतात, काही फसवायला लागतात, काही खेळच सोडतात. पहिल्या वाटपात वरच्यांना जास्त मोलाच्या चकत्या मुद्दामच दिलेल्या होत्या, हे शेवटी उघड होतं. तोवर वरची मुलं मनापासून मानत असतात की आपण हुशार म्हणून वर आलो.

छोट्या मुलांसाठी केळ्याचा खेळ सोपा. ‘कॅफॉड’ या ब्रिटिश संस्थेने तो शाळांसाठी केला. दुकानातलं एक केळं ३० पेनीला. मजूर, बागायतदार, जहाजवाला, माल आणून पिकवणारा आणि दुकानदार अशा पाच गटांनी भांडून आपापला वाटा ठरवायचा. प्रत्येक गट आपलं काम किती जड आहे ते पटवतो, बेरीज ३० च्या फार वर जाते आणि वाटाघाटी सुरू होतात. शेवटी खेळातलं खरं वाटप सांगितलं जातं: दुकानदार १३, माल आणून पिकवणारा ७, बागायतदार ५, जहाजवाला ४ आणि मजूर १. आपल्याकडे यासाठी लॅटिन अमेरिकेतल्या केळीबागांपर्यंत जायची गरजच नाही. इंदूरहून खंडव्याच्या वाटेने बऱ्हाणपूर गाठा, पलीकडे रावेर, यावल. त्या पट्ट्यातल्या मुलांना केळीची लागवड, कापणी, ट्रकमध्ये माल भरणं, सगळं ठाऊक असतं. त्यांनी घरी विचारून आजच्या भावाचे आकडे आणावेत आणि तेच पाच गटांत वाटावेत.

खेळ संपला की मुलं विचारतात, मग यावर उपाय काय? इथे रास्त व्यापाराची गोष्ट येते. १९८८ मध्ये नेदरलँड्समध्ये मेक्सिकोच्या लहान शेतकऱ्यांची कॉफी ‘माक्स हावेलार’ या छापाने विकायला आली. जावा बेटावर डच राजवटीने कॉफीवाल्यांना कसं पिळलं, यावरच्या १८६० च्या डच कादंबरीचं ते नाव. रीत अशी की बाजार कितीही पडला तरी ठरलेल्या किमान भावाखाली खरेदी करायची नाही आणि वर एक जादा रक्कम शेतकऱ्यांच्या संघाला द्यायची. तिचं काय करायचं ते संघ ठरवतो. आपल्या बाजूलाही याच्या जवळपासची कामं झाली आहेत. खरगोन जिल्ह्यात कसरावदला ‘बायोरे’ ही कंपनी १९९० च्या दशकापासून सेंद्रिय कापूस घेते, त्यात खरेदीची हमी आणि बाजारभावावर जादा रक्कम असते. महेश्वरात रिचर्ड आणि सॅली होळकर यांनी १९७८ मध्ये सुरू केलेल्या ‘रेहवा’ संस्थेने मोडकळीला आलेल्या मागांवर विणकर बायकांना पुन्हा बसवलं.

पण मुलांना इथे थांबवू नये. लंडनच्या ‘सोआस’ विद्यापीठातल्या संशोधकांनी इथिओपिया आणि युगांडात पाहणी करून २०१४ मध्ये अहवाल दिला. जिथे असे शिक्केवाले संघ होते, त्या भागातल्या शेतमजुरांना इतर ठिकाणांपेक्षा बरी मजुरी मिळत नव्हती, उलट बऱ्याच जागी कमीच मिळत होती. भाव शेतकऱ्यापर्यंत पोहोचला, त्याच्या शेतात राबणाऱ्यापर्यंत पोहोचला नाही. केळ्याच्या खेळातला एक पेनीवाला इथेही तसाच राहिला. चांगला शिक्षक हाही पत्ता खेळात टाकतो. पाकिटावर छाप आहे म्हणून ग्राहकाने निश्चिंत व्हावं, एवढंच शिकवायचं असेल तर जाहिरात पुरे.

आता थोडं आपल्या घरातल्या पटाबद्दल. सुट्टीत घरोघर मांडला जाणारा ‘व्यापार’ म्हणजे अमेरिकेच्या ‘मोनोपॉली’चा भारतीय अवतार. आमच्या घरच्या पटावर इंदूरचंही घर होतं. रोख मोजली की इंदूर आपलं. विकणारा कोण, हे पटावर लिहिलेलं नसे. या खेळाचं मूळ एलिझाबेथ मॅगी या बाईंकडे जातं. त्यांनी १९०४ मध्ये ‘लँडलॉर्ड्‌स गेम’चं पेटंट घेतलं. जमीन मूठभरांच्या हाती गेली की काय होतं ते दाखवणं, हा त्यांचा हेतू होता, आणि त्यांनी पुढे नियमांचे दोन संच दिले. एकात कोणाचीही भरभराट झाली की सगळ्यांना वाटा, दुसऱ्यात एकाने बाकीच्यांना भिकेला लावायचं. जगभर दुसरा पसरला. १९३५ मध्ये ‘पार्कर ब्रदर्स’ कंपनीने चार्ल्स डॅरो याच्याकडून हा खेळ घेतला, डॅरो रॉयल्टीवर लक्षाधीश झाला आणि मॅगीबाईंना पेटंटचे मिळाले ५०० डॉलर. विषमतेवरच्या खेळाची ही कहाणीच मुलांना सांगावी, वेगळं तात्पर्य लागत नाही.

इंदुरातल्या राजवाड्याभोवतीच्या शाळांनी मात्र आपला खेळ रचावा. पाच गट: शेतकरी, सावकार, इंदूरचा व्यापारी, कंपनी आणि मुंबईचा जहाजवाला. शेतकऱ्याने सुरुवातच उचल घेऊन करायची, म्हणजे पीक आधीच गहाण. व्यापाऱ्याने दर फेरीला ठरवायचं, इंदूरचा परवाना की दमणची वाट. दमणला जायचं तर फासा टाकायचा, दान उलटं पडलं तर माल गेला. कंपनीने फेरीगणिक दर हवा तो लावायचा. चौथ्या फेरीत ‘सिंध’चा पत्ता उलटायचा आणि दमणची वाट पुसून टाकायची. अफूचं नाव शाळेत नको वाटत असेल तर कापूस घ्या. होळकरांनी खंडवा-इंदूर रेल्वेसाठी इंग्रज सरकारला साडेचार टक्क्यांनी १०१ वर्षांच्या मुदतीवर दिलेले एक कोटी रुपये, हा पत्ताही मग त्यात बसतो. इंदूरच्या हुकुमचंद कापड मिलचाही बसतो. ती १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडली आणि सुमारे ४,८०० कामगारांच्या थकलेल्या २२४ कोटींचा निकाल डिसेंबर २०२३ मध्ये लागला. तोवर त्यातले कित्येकजण हयात नव्हते.

एक गोष्ट शिक्षकांनी सांभाळावी. खेळाला चाळीस मिनिटं दिली तर बोलायलाही तेवढीच द्यावीत. नाहीतर जिंकलेला गट टाळ्या पिटत घरी जातो, हरलेला चिडतो आणि ‘बिचारे गरीब’ एवढंच पदरात पडतं. कोणाला राग केव्हा आला, कोणी फसवलं आणि का, कुठला नियम बदलायला हवा होता, हे मुलांकडूनच वदवून घ्यावं, आणि दुसऱ्या दिवशी तोच खेळ त्यांनी बदललेल्या नियमांनी पुन्हा खेळू द्यावा.

खर्च म्हणाल तर रद्दीचे कागद, दोन कात्र्या, पाच पाकिटं आणि एक फासा. या दिवाळीच्या सुट्टीत गल्लीतली पंधरा-वीस मुलं जमवून एक दुपार हे करून पाहा, आणि मुलं जे नवे नियम करतील ते लिहून ठेवा.