सिंधूकाठच्या गोंपांवरून पांगोंगकडे

लेहपासून पांगोंग सरोवर साधारण दीडशे किलोमीटरवर आहे. भल्या सकाळी निघालेली गाडी सिंधूच्या काठाने कारूपर्यंत जाते, तिथे डावीकडे वळून शक्तीच्या दरीत शिरते, चांग ला ही सुमारे १७,६०० फुटांवरची खिंड ओलांडते आणि दुरबुक, तांगत्से ही गावे मागे टाकत दुपारच्या सुमारास लुकुंगला पाण्यापाशी पोचते. जायला पाच तास, यायला जवळपास तेवढेच. लडाखच्या सहलींमध्ये या दिवसाला फार मागणी असते आणि ती बहुतेक वेळा फक्त सरोवरापायी असते. वाटेतला मुलूख मागच्या सीटवर झोपेत निघून जातो. हे नुकसान मोठे आहे, कारण सिंधूखोऱ्यातली शेते, गोंपा म्हणजे बौद्ध मठ, आणि त्यांच्यावरचे उघडे डोंगर पाहिले, की पांगोंगचे वेगळेपण कितीतरी अधिक उमगते.

या सहलीची खरी तयारी दोन दिवस आधी सुरू होते. मुंबईहून दिल्लीमार्गे विमानाने येणारा माणूस काही तासांत समुद्रसपाटीवरून ११,५०० फुटांवर उतरतो. हवेतले ऑक्सिजनचे प्रमाण इथेही २१ टक्केच असते. कमी झालेला असतो तो हवेचा दाब. त्यामुळे प्रत्येक श्वासाबरोबर समुद्रकाठच्या तुलनेत दोन तृतीयांशच ऑक्सिजन छातीत जातो, चांग लावर तर जेमतेम निम्मा. शरीर यावर उपाय शोधते. श्वास आपोआप खोल आणि जलद होतो, त्यामुळे रक्तातले आम्ल-अल्कलीचे संतुलन बदलते आणि ते सावरायला मूत्रपिंडांना एक-दोन दिवस लागतात. हा वेळ न देता तिसऱ्याऐवजी पहिल्याच दिवशी खिंड गाठली, तर डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणे यांपासून ते फुप्फुसांत किंवा मेंदूत पाणी साचण्यापर्यंत मजल जाऊ शकते. तरुण, धडधाकट माणसालाही हा त्रास होतो. व्यायामाची सवय त्यापासून वाचवत नाही. उंचीच्या आजारावरच्या गोळ्या घ्यायच्या की नाही, हे निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारावे. पण सर्वांत खात्रीचा उपाय एकच, तो म्हणजे आधी विश्रांती आणि त्रास वाढला तर ताबडतोब खाली उतरणे.

विश्रांतीच्या या दिवसांसाठी सिंधूकाठचे गोंपा अगदी योग्य आहेत. ते लेहच्याच उंचीवर, किंबहुना काही तर थोडे खालीच आहेत, त्यामुळे फिरणेही होते आणि शरीरावर नवा ताण येत नाही. म्हणूनच चांगला वाटाड्या शे, थिकसे, हेमिस यांना आदला दिवस देतो आणि पांगोंगच्या दिवशी जाताना यांतले फार तर एखादेच ठिकाण ठेवतो. लेहमध्ये वाटाड्या आणि चालक बहुधा एकच असतो. प्रवास स्थानिक टॅक्सीने होतो, दर टॅक्सीचालकांच्या संघटनेने ठरवलेले असतात, आणि रस्ता कुठे वाहून गेला आहे, खिंड उघडी आहे का, नाक्यावर कोणती कागदपत्रे दाखवायची, हे सगळे त्याच्याकडूनच कळते.

लेह सोडल्यावर रस्ता आग्नेयेला जातो. डाव्या हाताला लडाख पर्वतरांग, करड्या ग्रॅनाइटची. उजव्या हाताला सिंधूपलीकडे लालसर, जांभळट रंगाचे, तिरपे उभे राहिलेले थर आणि त्यांच्या मागे स्टोक कांगरीचे ६,१५३ मीटर उंचीचे शिखर. या दोन बाजूंचे खडक एकमेकांचे नातलग नाहीत. भारतीय भूखंड सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी आशियाला भिडला, मधला टेथिस समुद्र मिटला आणि जिथे तो मिटला ती शिवण सिंधूच्या या खोऱ्यातून जाते. डावीकडचा ग्रॅनाइट त्या समुद्राचा तळ आशियाखाली सरकत असताना वितळलेल्या खडकापासून बनला. उजवीकडचे थर नंतर नद्यांनी आणून टाकलेल्या गाळाचे आहेत. झाडी नसल्यामुळे हा इतिहास इथे उघड्यावर वाचता येतो. सह्याद्रीत तो गवताखाली आणि मातीखाली असतो.

झाडी नसण्याचे कारण पाऊस. हिमालय मोसमी ढग अडवतो आणि लेहला वर्षभरात जेमतेम १०० मिलिमीटर पाणी मिळते. मुंबईत जुलैतल्या एखाद्या दिवशी याहून अधिक पडते. तरीही रस्त्याच्या कडेला जवाची हिरवी शेते, पॉप्लर आणि वाळुंजाच्या रांगा दिसतात, त्या पावसावर जगत नाहीत. वरच्या बर्फाचे पाणी पाटांनी गावात आणले जाते आणि कोणाच्या शेताला ते कधी सोडायचे, हे ठरवण्यासाठी अनेक गावांत चुरपोन नावाचा माणूस नेमलेला असतो. पाट जिथे संपतो, तिथे हिरवळ संपते, आणि ही सीमारेषा इतकी स्पष्ट असते, की एका पावलात शेतातून वाळवंटात जाता येते.

शे ही लडाखची जुनी राजधानी. टेकडीवरचा पडका राजवाडा सतराव्या शतकातला. त्याच्या देवळातली शाक्यमुनी बुद्धाची सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची मूर्ती सुमारे १२ मीटर उंच आहे. राजा देल्दन नामग्यालने ती आपले वडील सेंग्गे नामग्याल यांच्या स्मरणार्थ घडवली. खाली रस्त्यालगत खडकावर पाच ध्यानी बुद्ध कोरलेले आहेत. ते मूर्तीपेक्षा पुष्कळ जुने आहेत आणि त्यांच्यापाशी गाड्या क्वचितच थांबतात.

थिकसे मात्र थांबायला लावते. टेकडीच्या उतारावर पांढऱ्या खोल्यांची बारा मजली उतरंड आणि माथ्यावर लाल-पिवळी मुख्य देवळे, अशी त्याची मांडणी ल्हासाच्या पोताला राजवाड्याची आठवण करून देते. पंधराव्या शतकात स्थापन झालेला हा गोंपा गेलुग पंथाचा, म्हणजे दलाई लामांच्या पंथाचा आहे. चौदावे दलाई लामा १९७० मध्ये इथे आले, त्या भेटीच्या स्मरणार्थ मैत्रेयाचे देऊळ उभारले गेले. मैत्रेय म्हणजे पुढे येणारा बुद्ध. त्याची सुमारे १५ मीटर उंचीची बसलेली मूर्ती दोन मजले व्यापते, त्यामुळे वरच्या मजल्यावरून देवळात शिरणाऱ्याला ती थेट समोर, चेहऱ्याच्या उंचीवर भेटते. मुकुटावरचे बारीक काम, अर्धवट मिटलेले डोळे, भोवतालच्या भिंतींवरची चित्रे हे सारे लडाखी कारागिरांचे आहे. हे काम जुने नाही, तरी त्यात जुन्या परंपरेची ताकद आहे. लडाखची चित्रकला केवळ जतन केलेली नाही, ती अजून चालू आहे, याचा पुरावा म्हणून हे देऊळ पाहावे.

पांगोंगला निघणाऱ्यांनी थिकसेला भल्या सकाळच्या प्रार्थनेला पोचावे, असे अनुभवी चालक सांगतात आणि ते अगदी बरोबर आहे. गच्चीवरून लांब कर्णे वाजतात, सभामंडपात भिक्खू रांगांनी बसतात, लहान वयाचे शिष्य किटलीतून लोणी-मिठाचा चहा वाढत फिरतात आणि भिक्खू त्यात सातूचे पीठ कालवून खातात. पाहुण्यांना भिंतीलगत बसू देतात. पादत्राणे बाहेर, डोक्यावरची टोपी हातात, फ्लॅश बंद, आणि मूर्तीभोवती किंवा स्तूपाभोवती फिरायचे ते आपल्याकडच्या प्रदक्षिणेसारखेच, उजवा हात आत ठेवून. रस्त्याकडेच्या मणी भिंतींनाही, म्हणजे मंत्र कोरलेल्या दगडांच्या बांधांनाही, हाच नियम लागू आहे.

कारूला लष्कराची मोठी छावणी आहे. इथून उजवीकडे सिंधू ओलांडून हेमिसला जाता येते. सेंग्गे नामग्यालच्या आश्रयाने भरभराटीला आलेला हा द्रुक्पा पंथाचा मठ लडाखमधला सर्वांत संपन्न मानला जातो आणि त्याची मुखवटे नृत्यांची जत्रा उन्हाळ्यात गर्दी खेचते. दरीच्या बेचक्यात लपल्यामुळे तो रस्त्यावरून दिसत नाही. त्याला घाईत उरकू नये, आदला दिवसच द्यावा. डावीकडच्या वाटेवर मात्र चेमरे लागतो. एकाकी टेकडीला वरपासून खालपर्यंत बिलगलेला हा मठ गाडीतूनही मनात ठसतो. पुढे शक्तीजवळ तकथोक आहे, बौद्ध गुरू पद्मसंभवाने ध्यान केले अशी श्रद्धा असलेल्या गुहेभोवती बांधलेला. लडाखमधला न्यिंग्मा या सर्वांत जुन्या पंथाचा हा एकमेव गोंपा. दिव्यांच्या काजळीने गुहेचे छत काळे झाले आहे. सकाळचा अर्धा तास हाताशी असेल तर तो इथे घालवावा.

शक्तीनंतर चढ सुरू होतो. शेते खाली लहान होत जातात आणि तास-सव्वा तासात गाडी सुमारे पाच हजार फूट वर चढते. रस्ता सीमा सडक संघटनेच्या ‘हिमांक’ प्रकल्पाच्या ताब्यात आहे. बर्फ हटवणारी यंत्रे, वाहून गेलेला डांबराचा तुकडा पुन्हा बांधणारे मजूर उन्हाळाभर दिसतात. हे मजूर बरेचसे झारखंडसारख्या सखल प्रदेशातून आलेले असतात. पर्यटक ज्या हवेत वीस मिनिटे थांबतो, त्या हवेत ते दिवसभर दगड फोडतात. खिंडीच्या माथ्यावर पताका, चांग ला बाबाचे देऊळ आणि जवान आहेत. वीस मिनिटांहून अधिक थांबू नये, धावू नये, पाणी घोट घोट पीत राहावे. इथे मस्ती करण्याचा मोह होतो, आणि बहुतेकांची दुखणी इथेच सुरू होतात.

पलीकडच्या उताराला मुलूख बदलतो. दऱ्या रुंद, माणसे विरळ. दुरबुकहून एक रस्ता श्योक नदीच्या काठाने उत्तरेला दौलत बेग ओल्डीकडे जातो. पांगोंगची गाडी तांगत्सेला येते. चहा-मॅगीच्या थांब्यापलीकडे या गावाची ओळख फारशी कोणी करून देत नाही. पण इथल्या एका मोठ्या खडकावर क्रूस कोरलेले आहेत आणि मध्य आशियातल्या सोग्दियन भाषेतला नवव्या शतकातला लेख आहे. समरकंदहून तिबेटच्या राजाकडे निघालेल्या दूताने तो मागे ठेवला. आज सीमेपाशी संपणारी ही वाट हजार वर्षांपूर्वी दोन राज्यांना जोडत होती, हे त्या दगडाइतके ठामपणे दुसरे काहीच सांगत नाही.

तांगत्सेपुढे ओढ्याकाठच्या कुरणांत मार्मोट दिसतात. लडाखी लोक त्यांना फ्या म्हणतात. गुबगुबीत अंगाचा हा कुरतडणारा प्राणी अर्ध्याहून अधिक वर्ष बिळात झोपून काढतो. उन्हाळ्यात खाल्लेल्या गवतावर आणि मुळांवर त्याचा हिवाळा निघतो. पर्यटक बिस्किटे घालतात म्हणून तो आता गाड्यांजवळ येऊ लागला आहे. हे थांबायला हवे, कारण हे खाणे त्याला मानवत नाही. दुरूनच पाहणे हाच त्याच्यावरचा खरा लोभ.

मग एका वळणावर दोन तपकिरी उतारांच्या मध्ये निळी पट्टी दिसते. पांगोंग समुद्रसपाटीपासून १४,००० फुटांहून उंच आहे. लांबी सुमारे १३४ किलोमीटर, रुंदी जास्तीत जास्त पाच. त्याचा साधारण एक तृतीयांश भाग भारताच्या बाजूला, उरलेला चीनच्या ताब्यातल्या तिबेटमध्ये. एकेकाळी हे पाणी तांगत्सेच्या दरीतून श्योकला आणि पुढे सिंधूला मिळत असे. ती वाट बंद झाली, सरोवर कोंडले गेले. आता पाणी जाते ते फक्त वाफ होऊन, आणि क्षार मागे राहतात. पूर्वेच्या टोकाला पाणी गोडे आहे, पश्चिमेकडे खारटपणा वाढत जातो, त्यामुळे भारतीय बाजूच्या पाण्यात मासे जवळपास नाहीत. तरी काठावर चक्रवाक, पट्टकादंब हंस आणि कुरव उन्हाळ्यात येतात. सभोवतालच्या उतारांवर आजच्या पातळीच्या बऱ्याच वर जुन्या काठांच्या रेषा उमटलेल्या आहेत. त्या पाहिल्यावर सरोवर पूर्वी किती भरलेले होते हे लगेच कळते. खारट असूनही हिवाळ्यात ते गोठते.

रंगाची किमया पाण्याच्या स्वच्छतेत आहे. गढूळ करणारा गाळ आणि शेवाळ कमी, सूर्यप्रकाश प्रखर. खोल पाणी प्रकाशातला तांबडा भाग शोषते, म्हणून ते गर्द निळे दिसते. फिक्या वाळूवरचे उथळ पाणी हिरवट. ढग सरकला की हे सारे बदलते, म्हणून एक तास तरी एकाच जागी बसावे. ‘थ्री इडियट्स’ या २००९ च्या चित्रपटाने हा काठ घरोघरी पोचवला. पिवळ्या स्कूटरवर फोटो काढण्याची रांग त्याचीच देणगी. त्या रांगेपासून अर्धा किलोमीटर चालत गेले, तरी काठ निवांत मिळतो.

सरोवराच्या उत्तर काठावरच्या डोंगरसोंडांना फिंगर म्हणतात. मे २०२० मध्ये भारत आणि चीन यांचे सैन्य इथे समोरासमोर आले आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये या भागातून मागे हटले. डिसेंबर २०२४ मध्ये भारतीय लष्कराने पांगोंगच्या काठावर छत्रपती शिवाजी महाराजांचा ३० फूट उंचीचा अश्वारूढ पुतळा उभारला. ‘छत्रपती शिवाजी महाराज की जय’ ही मराठा लाइट इन्फंट्रीची युद्धगर्जना ठाऊक असलेल्या मराठी प्रवाशाचे पाऊल तिथे साहजिकच थबकते.

कोंडलेल्या सरोवरात पडलेले काहीच बाहेर वाहून जात नाही. साबणाचे पाणी, प्लास्टिक, तंबूंचे सांडपाणी तिथेच राहते. म्हणून गाडी पाण्याजवळ नेऊ नये आणि आपला कचरा लेहपर्यंत परत आणावा.

दुपारी दोनच्या पुढे थांबणे शहाणपणाचे नाही. दिवसभराच्या उन्हाने वरचे बर्फ वितळते, सकाळी टाचभर असलेले ओढे दुपारनंतर रस्त्यावरून जोरात वाहतात, आणि चांग लावर ऐन जुलैतही हिमवृष्टी होऊ शकते. चालक घाई करतो ती यासाठी. ज्यांना सकाळ-संध्याकाळचे रंग पाहायचे आहेत, त्यांनी काठावरच्या स्पांगमिक किंवा मेराक गावी रात्र काढावी. मात्र लेहहून तीन हजार फूट उंचीवर झोपायचे असल्याने त्याआधी लेहमध्ये दोनऐवजी तीन रात्री काढाव्यात. लहान मुले, हृदयाचे किंवा दम्याचे रुग्ण सोबत असतील, तर मुक्काम टाळून त्याच दिवशी खाली परतणे बरे.