बोट सुटल्यानंतरचं कोलकाता

श्री. ज. जोशींची ‘आनंदी गोपाळ’ ही कादंबरी वाचलेल्या प्रत्येकाने ती बोट सुटताना पाहिली आहे. ७ एप्रिल १८८३, कोलकाता. आठवड्यापूर्वीच अठरा वर्षं पूर्ण झालेली आनंदीबाई जोशी डॉक्टर व्हायला एकटी अमेरिकेला निघाली, आणि आपण वाचकही तिच्याबरोबर बोटीत चढलो. त्या घाईत मागे राहिलेल्या शहराकडे वळून पाहायचं राहूनच गेलं. आता पाहू या. कारण तिथे दुसरी कादंबरी सुरू होत होती!

मुळात आनंदीबाईला सातासमुद्रापार जावंच का लागलं? कोलकात्यात मेडिकल कॉलेज तर १८३५ पासून होतं. होतं, पण मुलींना दार बंद. म्हणून १८८२ मध्ये अबला दास ही बंगाली मुलगी डॉक्टरी शिकायला थेट मद्रासला गेली. दार एकच, एक मुलगी मद्रासला गेली, दुसरी फिलाडेल्फियाला. तिसरी मात्र तिथेच, दारासमोर उभी राहिली. तिचं नाव कादंबिनी बसू.

दारं उघडायची तिला सवयच होती म्हणा ना. १८७८ मध्ये कोलकाता विद्यापीठाची प्रवेश परीक्षा ती उत्तीर्ण झाली. आता पुढे शिकायचं कुठे? मुलींसाठी कॉलेजच नव्हतं. मग बेथून शाळेत कॉलेजचा वर्ग सुरू झाला, आणि त्यात विद्यार्थिनी किती? एक! एका मुलीसाठी कॉलेज! १८८३ मध्ये ती आणि चंद्रमुखी बसू बी. ए. झाल्या.

आता तारखांची गंमत पाहा. ४ जूनला आनंदीबाई न्यू यॉर्कला उतरली. आठच दिवसांनी, १२ जूनला, कोलकात्यात कादंबिनीचं लग्न झालं. नवरा द्वारकानाथ गांगुली: विधुर, सतरा वर्षांनी मोठा, आणि तिचा शाळेतला शिक्षक. ओळखीचं वाटतंय ना? आनंदीबाईचे पती गोपाळराव जोशीही विधुर, वयाने कितीतरी मोठे, बायकोचे मास्तर. पण हे साम्य इथेच संपतं. आनंदी नऊ वर्षांची असताना बोहल्यावर चढली होती. कादंबिनी एकवीस वर्षांची होती, पदवीधर होती, आणि वर तिने स्वतः पसंत केला होता. ब्राह्म समाजातल्या त्यांच्या पुढारलेल्या मित्रांनाही हे पचेना. कित्येक जण लग्नाला फिरकलेच नाहीत.

तिला प्रवेश द्यायला मेडिकल कॉलेजचा विरोध होताच. शेवटी सरकारने हस्तक्षेप केला आणि त्याच वर्षी दार उघडलं. पण आत अडथळे होतेच. एका परीक्षकाने तिला एका विषयात नापास केलं आणि एम. बी. हुकली. मग प्राचार्य कोट्स यांनी आपले अधिकार वापरून १८८६ मध्ये तिला व्यवसाय करता येईल अशी पदवी दिली. त्याच वर्षी ११ मार्चला फिलाडेल्फियात आनंदीबाई एम. डी. झाली होती. दोन टोकांच्या दोन शहरांत, एकाच वर्षी!

पदवीनेही लोकांची तोंडं बंद झाली नाहीत. रात्री-अपरात्री गाडीतून रुग्णांकडे जाणारी बाई सभ्य कशी असेल? ‘बंगवासी’ नावाच्या पत्राने १८९१ मध्ये तिची वेश्येशी तुलना केली. गांगुली पती-पत्नी कोर्टात गेले, आणि संपादकाला सहा महिने तुरुंगाची हवा खावी लागली. हुकलेल्या एम. बी.चं उत्तर तिने दोन वर्षांनी दिलं. मुलाबाळांना घरी ठेवून ती ब्रिटनला गेली आणि स्कॉटलंडमधल्या तीन वैद्यक संस्थांची मान्यता घेऊनच परतली. रुग्णाकडे जाता-येता गाडीत वेळ मिळाला की ही डॉक्टरीण काय करायची? नाजूक लेस विणायची!

अशी गोष्ट कादंबरीकार, मालिकावाले सोडतील? २०२० मध्ये बंगाली दूरचित्रवाणीवर तिच्यावरच्या दोन मालिका एकाच काळात चालू होत्या.

आनंदीबाई डॉक्टर होऊन परतली खरी, पण २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात क्षयाने गेली. दवाखाना थाटायला तिला वेळच मिळाला नाही. कादंबिनी गेल्या ३ ऑक्टोबर १९२३ ला, बासष्टाव्या वर्षी. त्या दिवशीही त्या कामावर जाऊन आल्या होत्या.