सागरविहार आणि खांद्यावरची पिशवी

लांबच्या प्रवासाची तयारी म्हटली म्हणजे आपल्या घरांत चर्चा चालते ती मोठ्या बॅगांची. कोणती बॅग कोणी घ्यावयाची, तिला चाकें दोन असावींत कीं चार, एखादी नातेवाइकांकडून मागून आणतां येईल काय, या प्रश्नांचा घरांतील वडील मंडळी चारचार दिवस खल करितात. परंतु बोटीवर राहून रोज नव्या बंदरास उतरावयाचें, अशा ज्या सागरविहारास आतां सर्रास 'क्रूझ' म्हणतात, त्यांतील सुखदुःख बव्हंशीं अवलंबून असतें तें जमिनीवर उतरतांना खांद्यावर घेतलेल्या लहानशा पिशवीवर. ही पिशवी बहुधा आयत्या वेळीं, हाताला लागेल ती उचलली जाते. सेवानिवृत्त आईवडील, मुलगा-सून आणि नातवंडें अशीं तीन पिढ्यांचीं कुटुंबें अलीकडे एकत्र या सफरीस निघूं लागलीं आहेत. त्यांच्या दृष्टीनें या क्षुल्लक वाटणाऱ्या वस्तूचा थोडा विचार करण्याचें योजिलें आहे.

सागरविहाराची कल्पना तशी जुनी आहे. पी. अँड ओ. कंपनीनें १८४४ सालीं भूमध्य समुद्रांत सहलीसाठीं उतारू नेण्यास आरंभ केला, आणि केवळ विहारासाठीं म्हणून बांधलेली 'प्रिन्झेसिन व्हिक्टोरिया लुईझे' ही जर्मन बोट १९०० सालीं पाण्यांत उतरली. त्या काळच्या आगबोटींवर सामानाची एक चांगली शिस्त होती. प्रत्येक नगास चिठ्ठी लावावी लागे. 'प्रवासांत नको' अशी चिठ्ठी असलेल्या ट्रंका बोटीच्या तळाशीं जात, त्या मुक्कामाचें बंदर येईपर्यंत दृष्टीस पडत नसत. 'प्रवासांत हवी' अशा चिठ्ठीच्या मधूनमधून उघडावयास मिळत. बर्थखालीं सरकवितां येईल अशी एक बसकी ट्रंक तेवढी केबिनमध्यें उतारूपाशीं राही. बॅलार्ड पिअरवरून विलायतेस निघालेल्या आपल्या आजोबा-पणजोबांस ही विभागणी पाठ असे. आज त्या चिठ्ठ्या गेल्या. परंतु कोणती वस्तु केव्हां लागणार हें आधीं ठरवावें आणि मग ती कशांत भरावयाची तें ठरवावें, हा त्यांतील विचार जसाच्या तसा घेण्याजोगा आहे.

आजच्या सागरविहारास हा विचार लाविला, तर सामानाचे तीन भाग पडतात. पहिली मोठी बॅग. बोटीवर चढण्याच्या दिवशीं ती धक्क्यावरच हमालांच्या स्वाधीन करावी लागते, आणि हजारों नगांतून वाट काढीत ती आपल्या केबिनच्या दाराशीं येण्यास कित्येक तास लागतात. केव्हां केव्हां रात्र होते. दुसरी हातांतील बॅग. हिच्यांत पासपोर्ट, सर्व औषधें, चष्मा आणि एक वेळचे कपडे हवेत. कारण मोठी बॅग येईपर्यंतचा संसार हिच्यावर चालवावयाचा असतो. शेवटच्या रात्रीं तर मोठी बॅग भरून केबिनच्या दाराबाहेर ठेवावी लागते आणि ती एकदम दुसऱ्या दिवशीं धक्क्यावर भेटते. उद्यां सकाळीं नेसावयाचें लुगडें वा घालावयाचा सदरा त्या बॅगेंत गेला कीं रात्रीच्या पोषाखांतच बोट सोडण्याची पाळी येते! हातांतील बॅग अशा वेळीं कामास येते. तिसरा नग म्हणजे किनाऱ्यावर नेण्याची पिशवी. पहिल्या दोहोंची काळजी वाहण्यास बोटीवरील नोकर, लिफ्ट आणि चाकें असतात. हिची काळजी आपल्या खांद्यास घ्यावयाची असते.

ही पिशवी कशी असावी हें दुकानांत ठरत नाहीं, बंदरांवर ठरतें. तेव्हां बंदरें कशीं असतात तें आधीं पाहूं. सर्वच ठिकाणीं बोट धक्क्यास लागते असें नाहीं. पाणी उथळ असलें किंवा धक्का लहान असला, म्हणजे बोट दूर उभी राहते आणि उतारूंना लहान होड्यांतून किनाऱ्यास नेतात. आपल्याकडील लक्षद्वीपास प्रवाळाच्या कड्यामुळें असेंच करावें लागतें. बोट लाटेनें वरखालीं होत असतांना होडींत पाऊल टाकावयाचें, तर दोन्ही हात मोकळे हवेत. ग्रीसमधील सँटोरिनी बेटावर होडींतून उतरल्यावर समोर उभा कडा लागतो, आणि फिरा हें गांव त्याच्या माथ्यावर आहे. वर जाण्यास तारेवरून चालणारे पाळणे आहेत, पण त्यांच्यासाठीं रांग मोठी लागते. नाहीं तर जवळजवळ सहाशें पायऱ्या किंवा खेचराची पाठ! तुर्कस्तानांत कुशादासी बंदरापासून सुमारें वीस किलोमीटरांवर इफेससचें प्राचीन नगर आहे. तेथील संगमरवरी फरसबंदी शतकानुशतकांच्या पावलांनीं गुळगुळीत झालेली, रस्ता उताराचा, आणि सांवली अगदीं विरळ. रोम पाहावयाचें म्हणून चिव्हितावेक्किया बंदरास उतरलेल्या उतारूस प्रत्यक्ष रोम अजून सुमारें ऐंशीं किलोमीटर दूर असतें. म्हणजे सकाळीं बोट सोडल्यावर विसरलेली वस्तु आणण्यास परत जाण्याची सोयच उरत नाहीं. व्हॅटिकनमधील सेंट पीटरच्या मंदिरांत खांदे व गुडघे झांकलेले असल्याखेरीज प्रवेश नाहीं, तेव्हां उन्हाळी पोषाख केलेल्या तरुण मंडळींसाठीं एखादी ओढणी वा पंचा बरोबर हवा. आणि नेपल्सजवळच्या पॉम्पेईच्या अवशेषांत ३० × ३० × १५ सेंटिमीटरांहून मोठी पिशवी आंत नेऊंच देत नाहींत.

हें शेवटचें माप फार उपयोगी आहे. त्याचा गुणाकार केला तर साडेतेरा लिटर होतात. एका माणसाची दिवसाची गरज तेवढ्यांत सहज मावते. म्हणून किनाऱ्यावरील पिशवी याहून मोठी घेऊंच नये. रिकाम्या पिशवीचें वजन अर्ध्या किलोच्या आंत असावें. एक लिटर पाणी म्हणजेच एक किलो, हें ध्यानांत घेतलें म्हणजे कातड्याची भारी पिशवी दुकानांत कितीही शोभिवंत दिसली तरी ती कां टाळावी हें सांगावें लागणार नाहीं. पट्टे दोन, रुंद आणि दोन्ही खांद्यांवर बसणारे हवेत. एका खांद्यावर लोंबणारी पिशवी पायऱ्या चढतांना तोल ओढते, आणि साठीच्या पुढील माणसाला तोल जाण्यासारखें दुसरें भय नाहीं. कापड पाण्याचे तुषार सोसणारें असावें, तोंड चेननें पूर्ण बंद होणारें असावें, आणि आंत पाठीच्या बाजूस एक चोरखिसा असावा. बार्सिलोना, रोम, नेपल्स यांसारख्या शहरांतील गर्दींत खिसेकापू असतात. पैसे व कार्ड त्या आंतल्या खिशांत राहावें, आणि गर्दींत शिरतांच पिशवी पाठीवरून छातीवर घ्यावी.

येथवर मोजमापाची गोष्ट झाली. आतां एका कौटुंबिक रीतीसंबंधीं स्पष्ट बोलणें अवश्य आहे. आपल्या घरांत 'सगळ्यांची मिळून एक पिशवी' हीच पद्धत आहे. त्या एका पिशवींत सासूबाईंचें गुडघ्यांस लावावयाचें तेल, मामंजींच्या रक्तदाबाच्या गोळ्या, मुलांच्या टोप्या, भावोजींचा कॅमेरा, सर्वांचें पाणी आणि वाटेंत कोणी काढून ठेवलेले स्वेटर गोळा होतात. आणि ती पिशवी बहुधा सूनबाईंच्या खांद्यावर येते. कोणी दुष्टपणानें हें करतो असें मुळींच नाहीं. जिच्याजवळ पिशवी तिच्याजवळ वस्तु द्यावी, इतक्या साध्या संवयीनें तें घडतें. परिणाम मात्र असा होतो कीं, इतर मंडळी इफेससच्या ग्रंथालयाची भव्य दर्शनी भिंत पाहत असतां ही बिचारी खालीं वांकून गोळ्यांची डबी शोधीत असते. घरीं आल्यावर सर्वांपाशीं सांगण्यासारख्या गोष्टी असतात, आणि तिच्यापाशीं खांदेदुखी! तिनेंही प्रवासाचा तितकाच खर्च केलेला असतो आणि तितक्याच दिवसांपासून वाट पाहिलेली असते, याचा विचार घरानें करूं नये काय?

आणि हा केवळ न्यायाचा प्रश्न नाहीं, सुरक्षिततेचाही आहे. बाजाराच्या गर्दींत कुटुंबाचीं दोन टोकें झालीं आणि मामंजी दुसऱ्या टोकांत राहिले, तर त्यांच्या गोळ्या, पाणी, बोटीचा पत्ता हें सर्व भलत्याच खांद्यावर गेलेलें असतें. एकच पिशवी हरवली तर सबंध घर उघडें पडतें. म्हणून आमचें आग्रहाचें म्हणणें असें कीं, बंदरावर उतरणाऱ्या प्रत्येक माणसाची स्वतःची पिशवी असावी. आठ वर्षांच्या मुलापासून पंचाहत्तर वर्षांच्या आजीपर्यंत. आजीची पिशवी अगदीं लहान, कमरेस बांधण्यासारखी असली तरी चालेल. पण तिच्यांतील वस्तु तिच्या आणि तिच्याच हाताशीं असाव्यात. सामाईक म्हणून छत्री, मलमपट्टी यांसारख्या दोनचारच वस्तु असाव्यात, आणि त्या घरांतील धट्ट्याकट्ट्या पुरुषानें घ्याव्यात.

प्रत्येकाच्या पिशवींत काय असावें? बोटीचें कार्ड, कारण तेंच केबिनची किल्ली आणि तेंच परत चढण्याचें ओळखपत्र. पासपोर्ट बरोबर न्यावयाचा कीं नाहीं हें देशावर आणि कंपनीवर अवलंबून असतें. तें आदल्या रात्रीं विचारावें, पण त्याची प्रत नेहमींच असावी. एका जाड कागदावर बोटीचें नांव, बंदराचें नांव, धक्क्यावरील कंपनीच्या प्रतिनिधीचा फोन आणि घरच्यांचे फोन लिहिलेले असावेत. ही माहिती मोबाईलमध्यें आहे, असें म्हणून भागत नाहीं. मोबाईल नेमका दुपारीं मान टाकतो. पाण्याची बाटली, टोपी, चालू देशाचें थोडें सुटें नाणें, आणि औषधें. औषधांबाबत नियम असा करावा कीं, मुख्य साठा केबिनमध्यें राहावा आणि किनाऱ्यावर दोन दिवसांपुरत्या गोळ्या मूळ वेष्टणांत, डॉक्टरांच्या चिठ्ठीच्या प्रतीसह न्याव्यात. बोट चुकली तर ते दोन दिवस त्यांवर निभावतात. मधुमेही माणसानें साखर किंवा ग्लुकोज कधींही विसरूं नये. इन्सुलिन असेल तर तें उन्हांत तापूं नये म्हणून थंडावा राखणाऱ्या लहान पाकिटांत ठेवावें.

फराळाविषयीं दोन शब्द. शाकाहारी मंडळींना परक्या बंदरांत दुपारच्या जेवणाची चिंता असते आणि म्हणून घरून डबे भरण्याकडे ओढा असतो. परंतु घरीं केलेले पदार्थ बोटीवर आणण्यास पुष्कळ कंपन्या हरकत घेतात. कारखान्यांत बंद झालेलीं पाकिटें बहुधा चालतात. बोटीवरचीं फळें आणि भाजीपाला किनाऱ्यावर उतरविण्यास कित्येक देशांत मनाई आहे. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड येथें तर पिशवींत विसरून राहिलेल्या एका सफरचंदासाठींही जबर दंड होतो. म्हणून बोटीवर भरपेट न्याहारी करावी आणि पिशवींत बंद पाकिटांतील सुका खाऊ तेवढा ठेवावा. त्याचीही परवानगी त्या त्या बंदराच्या सूचनापत्रांत पाहून घ्यावी.

इतकी तयारी कशासाठीं, असें कोणी विचारील. याचें उत्तर एकच : बोट थांबत नाहीं. बोट निघण्यापूर्वीं साधारण अर्धा तास सर्वांनीं वर असावें असा नियम असतो. बोटीच्या कंपनीनें स्वतः योजिलेली सहल उशिरां आली तर तिच्यासाठीं बोट खोळंबते. पण आपण स्वतंत्रपणें केलेल्या सहलीसाठीं ती खोळंबत नाहीं, आणि मागें राहिलेल्यांना पुढच्या बंदरापर्यंत स्वखर्चानें जावें लागतें. आपल्या प्रवासी कंपनीची सहल या दोहोंपैकीं कोणत्या प्रकारची आहे, हें निघण्यापूर्वींच विचारून ठेवावें. आणखी असें कीं, बोटीवरील वेळ आणि किनाऱ्यावरील वेळ केव्हां केव्हां एक तासानें निराळी असते. मोबाईल आपण होऊन किनाऱ्याची वेळ दाखवूं लागतो. म्हणून बोटीच्या वेळेस लावलेलें साधें घड्याळ प्रत्येकाच्या मनगटावर असणें बरें. ओझें हलकें आणि हात मोकळे असले, म्हणजे परतीच्या त्या शेवटच्या अर्ध्या तासांत वृद्ध माणसांना हात देतां येतो. पिशवीची खरी परीक्षा त्याच वेळीं होते.

परंतु त्या वेळेपर्यंत परीक्षा लांबणीवर टाकण्याचें कारण नाहीं. निघण्याच्या पंधरा दिवस आधीं प्रत्येकानें आपापली पिशवी पाण्यासकट भरावी आणि ती घेऊन दोन तास चालावें. पुणेकरांना पर्वती आहे, मुंबईकरांना मलबार हिल आहे. इतरांच्या गांवींही एखादी टेकडी किंवा देवळाच्या पायऱ्या असतातच. खांद्यास काचलेला पट्टा, विनाकारण घेतलेली दुसरी बाटली, हाताला न लागणारा खिसा, या सर्वांचा पत्ता त्या दोन तासांत लागतो, आणि दुरुस्तीला अवधि असतो. खालीं उतरल्यावर मात्र एवढें पाहावें : घरांतील कोणाच्या पाठीवर दुसऱ्याचें ओझें तर गेलेलें नाहीं ना? गेलें असेल, तर तें तेथेंच, घर सोडण्यापूर्वीं, ज्याचें त्याला परत करावें.