वायरिंगचे काम पास की नापास?

घराचे वायरिंग पुरे झाले, दिवे लागले, पंखे फिरले, की वायरमन उरलेले पैसे मागतो आणि घरमालकाच्या मनात शंका राहते. पैसे अडतात, बोलाचाली होते. जानेफळसारख्या गावात दोघे रोज एकाच बाजारात भेटणारे, त्यामुळे कटुता जास्तच. आमच्या मते भांडण टाळायचे तर दोघांनी मिळून काम तपासावे. दिवा तर चुकीच्या वायरिंगवरही लागतो.

पहिली तपासणी बटणाची. बटण बंद असताना होल्डरमध्ये टेस्टर पेटला, तर बटण फेजऐवजी न्यूट्रलवर बसवले आहे. बल्ब बदलताना शॉक बसतो तो यामुळेच. तीन पिनांच्या सॉकेटमध्ये समोरून पाहता उजवीकडे फेज, डावीकडे न्यूट्रल आणि वर अर्थ हवा. ही तपासणी वायरमनकडूनच आपल्यासमोर करून घ्यावी; स्वतः हात घालू नये.

खरी लबाडी अर्थिंगमध्ये होते. खड्डा आणि वेगळी तार वाचवण्यासाठी काही जण सॉकेटमध्येच न्यूट्रलचा तुकडा अर्थच्या पिनला जोडून देतात. फेज आणि अर्थवर टेस्ट लॅम्प लावला तर तो झकास पेटतो, मालक खूश! पण न्यूट्रल कुठे तुटला, की इस्त्री, फ्रीज, शिलाई मशीनची मोटार यांच्या लोखंडी अंगात थेट करंट येतो. म्हणून एक-दोन बोर्ड उघडायला लावावेत. अर्थची हिरवी तार खड्ड्यापर्यंत वेगळी गेलेली दिसली पाहिजे. ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसवला असेल, तर फेज-अर्थवर लॅम्प लावताच तो पडला पाहिजे. अर्थ किती चांगला आहे हे मात्र बल्बवरून कळत नाही, त्याला अर्थ टेस्टर लागतो.

दीड चौरस मिलिमीटरच्या तारेवर ३२ अँपिअरचा एमसीबी बसवलेला आढळला, तर काम नापास समजावे. एमसीबी पडण्याआधी तारच तापून वितळेल. पाइपच्या आत जोड नकोत. हे प्लास्टरपूर्वीच पाहावे, नंतर भिंत फोडावी लागते. शेवटी ५०० व्होल्टच्या मेगरने इन्सुलेशन मोजावे. ते किमान १ मेगओहम हवे.

मालकांनाही दोन शब्द. स्वतः स्वस्तातली, आयएसआय शिक्का नसलेली तार आणून द्यायची आणि ती तापली की वायरमनला धरायचे, हा न्याय नव्हे. पॉइंटचा दर, वाढीव पॉइंट, अर्थिंगचा खर्च आधीच कागदावर लिहावा. परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट पूर्वी वीज मंडळाला आणि २००५ पासून महावितरणला द्यावा लागतो. त्यावर सही करणाऱ्याने काम डोळ्यांनी पाहिलेले असावे. थोडी रक्कम तपासणीपर्यंत राखून ठेवणे रास्त, पण काम पास झाल्यावर ती त्याच दिवशी चुकती करावी. घाम वाळण्याआधी मजुरी देण्याची ताकीद हदीसमध्ये आहे, ती वायरमनलाही लागू आहे.

आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात वाळून भेगाळते आणि अर्थिंग कमजोर होते. खड्डा कुठे आहे ते वायरमनकडून नीट पाहून ठेवावे आणि मार्चपासून त्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओतत जावे.