रेडिओ ट्यूनर : कमी खर्चात स्वच्छ आवाज कसा मिळेल?

रेडिओ हा दुकानदार आणि कारागीर यांचा जुना साथीदार आहे. टीव्हीला डोळे द्यावे लागतात, रेडिओला फक्त कान. हात मागावर असोत की शिलाई मशीनवर, बातम्या आणि गझल-कव्वाली कानावर पडतच राहते. परंतु रेडिओ म्हणजे खरखर, अशी समजूत आपल्याकडे पक्की बसली आहे. ती अर्धीच खरी आहे. बरीचशी खरखर आपल्या संचात आणि एरियलमध्ये असते, आणि ती थोड्या खर्चात दूर करता येते.

ट्यूनर म्हणजे काय?

रेडिओतून अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर वेगळे केले की जे उरते तो ट्यूनर. हवेतून हवे ते स्टेशन निवडायचे, त्यातला आवाज वेगळा करायचा आणि तारेने अ‍ॅम्प्लिफायरला द्यायचा, एवढेच त्याचे काम. ज्यांच्या घरी ऑक्सची खाच असलेला अ‍ॅम्प्लिफायर पडून आहे, त्यांना फक्त ट्यूनर घ्यावा लागतो. सोनी, पायोनिअर, टेक्निक्स, यामाहा यांचे जुने ट्यूनर वापरलेल्या मालाच्या बाजारात मिळतात. मोबाइलमधल्या एफएमला इअरफोनची वायरच एरियल म्हणून वापरावी लागते. ट्यूनरला मात्र खरे एरियल जोडता येते. मोठा फरक इथेच पडतो.

एफएमचा आवाज स्वच्छ का?

आमच्या पिढीने जळगाव आकाशवाणी मीडियम वेव्हच्या ९६३ किलोहर्ट्झवर ऐकली. मीडियम वेव्हवर दोन स्टेशनांत अंतर फक्त ९ किलोहर्ट्झचे. शेजारचे स्टेशन घुसू नये म्हणून संच साधारण साडेचार किलोहर्ट्झच्या वरचा आवाज कापून टाकतो. सीन आणि शीन यांतला फरक, तबल्याच्या किनारीचा ठणका, बासरीतली फुंक हे बरेचसे त्या वरच्या पट्टीत असते. एफएमवर हीच मर्यादा १५ किलोहर्ट्झपर्यंत जाते. म्हणून निवेदकाचे शीन-काफ एफएमवर दुरुस्त ऐकू येते.

दुसरे कारण असे. मोटार, ट्यूबचा चोक, स्वस्त एलईडी दिवा यांचा उपद्रव लहरींची उंची कमी-जास्त करतो. मीडियम वेव्हवर आवाज त्या उंचीतच असतो, म्हणून खरखर थेट स्पीकरमध्ये येते. एफएममध्ये आवाज लहरींच्या कंपनसंख्येच्या बदलात असतो. ट्यूनर उंचीतले चढ-उतार छाटून टाकतो आणि आवाजाला धक्का लागत नाही. यंत्रमागाच्या गावाला ही मोठीच सोय आहे.

स्टेरिओची एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी. सिग्नल कमजोर असेल तर स्टेरिओत मोनोपेक्षा फुसफुस बरीच वाढते. अशा वेळी मोनोचे बटण दाबावे. दोन बाजूंचा आवाज एक होईल, पण स्वच्छ होईल.

अंतराचा हिशेब

एफएमच्या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात. मनोऱ्याच्या आणि एरियलच्या उंचीचे मीटरमधले वर्गमूळ काढून बेरीज करावी व तिला ४.१२ ने गुणावे. सपाट जमिनीवर किती किलोमीटर जाईल याचा अंदाज मिळतो. मनोरा १०० मीटरचा आणि गच्चीवरचे एरियल ९ मीटरवर धरले, तर १० अधिक ३ म्हणजे १३, म्हणजेच सुमारे ५४ किलोमीटर. जळगाव-धुळे अंतर याहून बरेच जास्त आहे. म्हणून एरंडोल, पारोळा अशा मधल्या गावांत गच्चीवरच्या एरियलला जे मोल आहे, ते जळगाव शहरात नाही.

एरियल घरी बनते. १०० मेगाहर्ट्झची लहर ३ मीटर लांब असते. अ‍ॅल्युमिनियमच्या ७५-७५ सेंटिमीटरच्या दोन नळ्या एका आडव्या रेषेत, मध्ये थोडी फट ठेवून बसवाव्यात. एकीला टीव्हीच्या केबलची मधली तार, दुसरीला जाळी जोडावी. नळ्यांची टोके नव्हे, आडवी बाजू स्टेशनकडे करावी. विजा चमकू लागण्याआधी केबल काढून ठेवावी.

जुना माल घेताना

कापड आपण लेबल पाहून घेत नाही, उजेडात धरून घेतो. ट्यूनरही तसाच तपासावा.

१) पट्टा पाहावा. आपल्याकडे एफएम ८८ ते १०८ मेगाहर्ट्झवर आहे. जपानच्या देशी वापराचे जुने संच ७६ ते ९० पर्यंतच जातात. ९० च्या वरची स्टेशने त्यांवर लागणार नाहीत. त्यांना वीजही १०० व्होल्टचीच लागते.

२) अमेरिकेचा डिजिटल संच मीडियम वेव्हवर १०-१० किलोहर्ट्झच्या टप्प्याने चालतो. तो ९६० वर थांबेल, मग ९७० वर. ९६३ त्यात नाही. मागे ९/१० चे बटण असेल तर चालेल. शिवाय त्या संचांवर आपले एफएम जरा दबलेले वाटते, कारण तिकडे आवाजाची वरची पट्टी आपल्यापेक्षा जास्त उतरवतात.

३) वीज लावून १५ मिनिटे एकच स्टेशन ऐकावे. स्टेशन सरकले तर जुळणी बिघडलेली आहे. गुणगुण येत असेल तर वीजपुरवठ्याचे कपॅसिटर थकले असण्याची शक्यता. ते बदलणे स्वस्तातले काम आहे.

४) 'स' आणि 'श' फाटून येत असतील तर आधी एरियलची दिशा बदलून पाहावी. तरीही फाटले तर तो संच सोडावा.

५) माहितीपत्रकात स्टेरिओसाठी आवाज व फुसफुस यांचे प्रमाण ६५ डेसिबल आणि डाव्या-उजव्याची फारकत ३५ ते ४० डेसिबल असेल तर घराला पुरे. प्रसारणच १५ किलोहर्ट्झवर थांबते, तेव्हा त्याहून मोठ्या आकड्यांसाठी जादा पैसे मोजण्यात फायदा नाही.

रेडिओ दुरुस्त करणाऱ्या कारागिरांनीही हे ध्यानात घ्यावे. जुना ट्यूनर साफ करून, कपॅसिटर बदलून, जुळणी करून एरियलसह बसवून दिला तर ग्राहकाला पूर्ण वस्तू मिळते आणि हाताच्या हुनराला दाम मिळतो. विकताना दोष असेल तो आधी सांगावा. छोट्या गावात धंदा भरवशावर चालतो. आणि ग्राहकाने हजार रुपये खर्च करायचे ठरवले असतील, तर त्यातले काही एरियलसाठी आधीच बाजूला काढून ठेवावेत.