खडबडीत रस्ता आणि मोटारीचें चाक

“अंथरूण पाहून पाय पसरावे” ही म्हण आपण बहुधा पैशाच्या व्यवहारास लावतों. मोटारीच्या चाकासही ती तितकीच लागू पडते, हें ह्या लेखांत आम्हांस दाखवावयाचें आहे.

तरुण मंडळींस स्पोर्ट्स मोटारींची मोठी आवड असते. ह्या मोटारी बसक्या, हलक्या व वेगवान असतात. आणि त्यांस मोठ्या चकचकीत रिमा व त्यांवर पातळ टायर चढविले म्हणजे शोभा वाढते, असा पुष्कळांचा समज आहे. आमच्या परिचयाच्या एका तरुण गृहस्थानें हौसेनें असाच फेरबदल करून घेतला. पहिल्याच पावसाळ्यांत, पाण्यानें भरलेल्या एका खड्ड्यांत त्याचें पुढचें चाक आदळलें. रिम वांकली, टायरांतील हवा क्षणांत गेली, आणि मोटार एका बाजूस ओढली गेली. ईश्वरकृपेनें त्या वेळीं समोरून कोणी येत नव्हतें. हें असें कां झालें व चाकाची निवड कशी करावी, ह्याचा आतां विचार करूं.

प्रथम टायरवरील अंक वाचावयास शिकलें पाहिजे. समजा, टायरवर ‘२०५/५५ आर १६ ९१ व्ही’ असें लिहिलें आहे. पैकीं २०५ ही टायरची रुंदी मिलिमीटरांत दिलेली असते. ५५ म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या शेकडा ५५, अर्थात् सुमारें ११३ मिलिमीटर. ‘आर’ ह्या अक्षरानें तो रेडियल पद्धतीचा टायर आहे हें कळतें. १६ हा रिमचा व्यास इंचांत असतो. ९१ ह्या भारांकाचा अर्थ असा कीं, तो टायर ६१५ किलोग्रॅम भार पेलूं शकतो. आणि ‘व्ही’ ही ताशीं २४० किलोमीटर वेगाची मर्यादा होय.

आतां एक खरें उदाहरण घेऊं. जपानमधील टोयोटा कंपनीची ‘८६’ नांवाची स्पोर्ट्स मोटार २०१२ सालीं निघाली. तिच्या साध्या प्रकारास वर सांगितलेला १६ इंची टायर होता, तर महागड्या प्रकारास २१५/४५ आर १७ हा होता. पुढें २०२१ सालच्या नव्या आवृत्तींत २१५/४० आर १८ हाही आला. गणित करून पाहिल्यास तिन्ही चाकांचा बाहेरचा व्यास जवळजवळ सारखाच, म्हणजे ६२५ ते ६३२ मिलिमीटर भरतो. परंतु भिंतीची उंची अनुक्रमें ११३, ९७ व ८६ मिलिमीटर होते. म्हणजे रिम मोठी झाली तरी चाक मोठें झालें नाहीं. फक्त रबर व हवा ह्यांची जागा धातूनें घेतली.

येथेंच पुष्कळांची फसगत होते. बैलगाडीचें चाक मोठें असतें म्हणून तें खड्ड्यांत कमी उतरतें, हें आपण पाहतोंच. पण तो गुण बाहेरच्या व्यासाचा आहे. शिवाय त्या चाकावर लोखंडी धांव असते, म्हणून गाडींत बसणाऱ्याचीं हाडें खिळखिळीं होतात. हा त्रास आपल्या मुलास तीनचाकी सायकलवर होऊं नये म्हणूनच बेलफास्ट येथील जॉन बॉइड डनलॉप ह्या पशुवैद्यानें हवेचा टायर तयार केला व १८८८ सालीं त्याचें पेटंट घेतलें. भिंत आंखूड करीत जाणें म्हणजे पुन्हां लोखंडी धांवेकडे परत जाणें होय.

खड्ड्याच्या धारेवर चाक आदळलें म्हणजे टायर दबतो. भिंत उंच असल्यास त्यास दबावयास जागा राहते व आंतील हवा धक्का सोसते. भिंत आंखूड असल्यास रिमची कड व खड्ड्याची धार ह्यांच्यामध्यें टायर अडकित्त्यांतील सुपारीप्रमाणें सांपडतो. आंतील दोरे तुटतात व भिंतीवर फुगवटा येतो. असा टायर केव्हां फुटेल ह्याचा नेम नाहीं. तो बदललाच पाहिजे. आणखी असें कीं, मोठी रिम बहुधा जड असते. स्प्रिंगांच्या खालचें वजन वाढल्यानें चाक जमिनीस चिकटून न राहतां उसळ्या मारतें. आणि जमिनीपासून सुटलेल्या चाकास ना वळवितां येतें, ना थांबवितां येतें.

जागतिक रॅली शर्यतींतील कुशल चालक हें तत्त्व पाळतात. गुळगुळीत डांबरी रस्त्यावर ते १८ इंची रिम वापरतात, पण खडीमातीच्या रस्त्यावर १५ इंची.

उंच भिंतीचा तोटाही सांगितला पाहिजे. वळणावर ती किंचित् झुकते, त्यामुळें चक्र फिरविल्यावर मोटार वळावयास थोडा अधिक वेळ घेते. शर्यतीच्या मैदानांत ही उणीव जाणवेल. खडबडीत रस्त्यावर तिच्या बदल्यांत मिळणारी सुरक्षितता फार मोलाची आहे.

निवड करतांना पुढील गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. रिम जितकी लहान घेतां येईल तितकी घ्यावी. मात्र ब्रेक तिच्या आंत मोकळेपणानें बसले पाहिजेत. बाहेरचा व्यास मूळच्या चाकाहून शेकडा ३ पेक्षां अधिक बदलूं नये. तो शेकडा ३ वाढल्यास वेगदर्शक १०० दाखवील तेव्हां खरा वेग १०३ असेल, आणि टायर मडगार्डास घासण्याचा संभवही वाढेल. व्यास २० मिलिमीटर वाढविला तरी मोटार १० मिलिमीटरच उंच होते, हेंही विसरूं नये. रुंदीचा हव्यास धरूं नये, कारण रुंद टायर सांचलेल्या पाण्यावर लवकर तरंगूं लागतो. भारांक मूळच्यापेक्षां कमी नसावा. शेवटीं, हवा टायर थंड असतांना, मोटार बनविणाऱ्यानें ठरविलेल्या दाबाप्रमाणें भरावी. हवा कमी असल्यास उंच भिंतीचाही उपयोग होत नाहीं.

विद्यार्थ्यांनो, ह्यांत शेकडेवारी व व्यास ह्यांपलीकडे कांहीं गणित नाहीं. तें तुम्हीं वर्गांत शिकलांच आहांत. आणि पालकांस आमची विनंति आहे कीं, मुलानें नव्या चाकांसाठीं पैसे मागितल्यास नुसता नकार देऊं नये. “हीं चाकें कोणत्या रस्त्यासाठीं?” एवढें त्यास विचारावें, व कागदपेन्सिल घेऊन त्याच्याबरोबर बसावें. चाकाची शोभा रस्त्यावरचे लोक पाहतात. त्याचा धक्का मात्र आंत बसलेल्या माणसांस सोसावा लागतो.